टोपीखालची जाई

आमच्या कारखान्यात मुळा काम करतो असं सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. पहिल्या दिवशी मीही हसलेच होते. पुरुषभर उंचीच्या सहा स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीला काचेची गोल खिडकी, आणि खिडकीतून डोकावलं तर आत पातळ पिठल्यासारखं काहीतरी संथपणे फिरतंय. पान नाही, कंद नाही, मुळ्याचा तो उग्र वासही नाही. नुसत्या पेशी. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा एका मुळ्याच्या पेशी काढून साखरपाण्यात ठेवल्या, त्या वाढत गेल्या आणि अजून वाढताहेत. उरलेला मुळा कोणी खाल्ला की फेकला, देव जाणे.

मी उज्ज्वला खोत. कराडच्या अलीकडे औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या ‘हरितबल’ कारखान्यात सहा वर्षं मी टाक्यांवर ऑपरेटर होते. आधी अंगणवाडीत होते. माझा नवरा सुधाकर पाय मोडला म्हणून इस्पितळात गेला. हाड जुळलं, पण रक्तात बुरशी शिरली. ती नवीच बुरशी तेव्हा इस्पितळाइस्पितळांतून पसरत होती आणि कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. नवव्या दिवशी सगळं संपलं. दोन वर्षांनी मुळ्याचं औषध निघालं. आमच्या गावाजवळच त्याचा कारखाना होतोय म्हटल्यावर मी दुसरा विचार केला नाही.

कामावर घेताना डॉक्टर प्रभुदेसाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून शिकवलं होतं. टाक्यांमधल्या पेशींची जबाबदारी त्यांच्याकडे होती. चांगला माणूस, फक्त बोलताना समोरच्याकडे बघायचं विसरणारा.

“झाडाला पळून जाता येत नाही,” ते म्हणाले, “म्हणून त्याला जागच्या जागी उभं राहून आतल्या आत लढाईची तयारी करावी लागते. बुरशी अंगावर आली की तिच्या सालीचे कण पेशीला टोचतात. पेशी ओळखते, शत्रू आला. लगेच ती एक प्रोटीन बनवायला घेते. ते प्रोटीन बुरशीच्या अंगाला भोकं पाडतं. माणसाला त्याचा काही त्रास नाही. आपल्याला हवंय ते हेच प्रोटीन.”

“पण मग टाकीत बुरशी सोडायची?” मी विचारलं.

“छे, नुसती हूल द्यायची. बुरशीच्या सालीत जी साखर असते, तीच कोळंबीच्या टरफलात असते. टरफलांची पूड टाकीत घातली की पेशींना वाटतं, आली बुरशी.”

थोडक्यात, मुळ्याला आठवड्याला एकदा घाबरवायचं आणि त्याचा घाम गाळून औषध करायचं. हे माझं काम.

आता कपडे बदलायच्या खोलीबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. टाक्यांच्या हॉलमध्ये जायच्या आधी त्या खोलीत सगळं काढून ठेवावं लागे. भिंतीवर यादीच होती: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकली, कुंकू, फुलं. बायका रोज सकाळी कुरकुरत एकेक वस्तू कपाटात ठेवायच्या. मी नुसती उभी असायची. त्यांना आठ तासांपुरतं जे करावं लागे, ते गावाने माझं आधीच करून ठेवलं होतं.

म्हणजे तसा गावाने ठराव केला होता. विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. ग्रामपंचायतीबाहेर पाटीही लागली. पण लोकांच्या नजरेचा ठराव कोण करणार? सुधाकर गेल्यावर वर्षभराने मी एका बारशाला साधी दोन फुलं माळून गेले, तर सगळा मांडव गप्प झाला. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

जाईचा वेल सुधाकरनेच लावला होता, न्हाणीच्या पाण्यावर. मला जाईचं वेड होतं आणि त्याला माझं. तो गेला तरी वेल बाराही महिने फुलायचा थांबला नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एके दिवशी सकाळी मी दोन फुलं तोडून रुमालात बांधली, कारखान्यात नेली, आणि कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांच्या शेवटी मागे राहून ती अंबाड्यात खोवली. वर जाळी, जाळीवर टोपी. त्या पांढऱ्या टोपीत आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. आठ तास मी जाई माळून काम केलं आणि कोणाला पत्ता नाही. निघताना फुलं मोरीत सोडून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाकीच्या आत येताना सौभाग्य काढून ठेवायच्या, मी माझं घालून घ्यायची. चूक होती, मला माहीत होतं. पण दिवसभरात तेवढीच एक गोष्ट माझी होती.

दोन वर्षांनी प्रभुदेसाईंच्या लक्षात आलं की माझ्या पाळीत पूड घातलेल्या टाक्या वेगळ्या आहेत. इतरांच्या टाकीतून चाळीस ग्रॅम प्रोटीन निघायचं, माझ्या टाकीतून शंभरावर. पूड तीच, पाणी तेच, मुळा तोच.

“ताईंच्या हाताला गुण आहे,” सारिका म्हणाली. सारिका माझ्याबरोबरची ऑपरेटर, वयाने माझ्या मुलीएवढी. तिचं ऐकून मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

मग माझी तपासणी सुरू झाली. घाम तपासला, श्वास तपासला, कातडीवरचे जंतू तपासले. मला बाहेर बसवून माझे वापरलेले कपडे सारिकाला घालायला लावले. ती बिचारी दिवसभर नाक मुरडत फिरली, प्रोटीन चाळीसच्या पुढे सरकलं नाही. एकदा त्यांनी मला कारखान्यात अंघोळ करायला लावून, दोन बायकांच्या समोर नवे कपडे चढवून आत पाठवलं. त्या दिवशी अर्थातच फुलं नव्हती. प्रोटीन आलं चाळीस. यावरून विद्वानांनी अनुमान काढलं की अंघोळीने माझा गुण धुऊन जातो, आणि माझा साबण बंद केला.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर नेलं. मग वर्षभरात बुरशी आणखी पसरली. औषधाची मागणी तिप्पट झाली आणि माझी सुट्टी बंद झाली. सातही दिवस काम. न्यायला गाडी, सोडायला गाडी. मी काय खायचं, कुठलं तेल लावायचं, याची यादी घरात चिकटवलेली, कारण काही बदललं आणि गुण गेला तर? तालुक्याबाहेर जायचं नाही. फोन बंद ठेवायचा नाही. सगळं अगदी आदराने, हात जोडून. पगारही वाढवला. गावात लोक वाट सोडून उभे राहायला लागले.

“पाटलीणबाईची गाडी आली बघ,” सासूबाई रोज सकाळी म्हणायच्या. एकदा मी वेलापाशी असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“कुणासाठी तोडतीस गं?”

“देवाला.”

“देवाम्होरं जाई कदी दिसली न्हाई मला.” मग वेलाकडे बघत, “दिसू दिऊ नगो म्हंजे झालं. गावाला तोंड द्यायचंय मला.”

म्हणजे घरातून परवानगी होती, लपवण्याची.

खरं काय ते मला गेल्या श्रावणात कळलं. नव्याने आलेल्या मुलींना प्रभुदेसाई शिकवत होते आणि मी मागे उभी होते. या वेळी त्यांनी एक जास्तीची गोष्ट सांगितली.

“पान किड्याने कुरतडलं की झाड एक पदार्थ बनवतं. त्यातला काही हवेत उडतो. शेजारच्या झाडाला त्याचा वास लागला की तेही लढाईची तयारी करून ठेवतं. झाडांची आरोळीच ही. गंमत म्हणजे माणसाने हा पदार्थ पहिल्यांदा शोधला तो जाईच्या तेलात. आपण जो वास घेऊन खूश होतो, तो निम्मा झाडांचा आरडाओरडा असतो!”

मुली हसल्या. माझा हात टोपीकडे गेला.

टाक्यांमधल्या पेशींना हवा लागते. ती हवा हॉलमधूनच ओढली जाते, आणि जिथून ओढली जाते ती जाळी माझ्या उभं राहायच्या जागेच्या बरोब्बर वर, डोक्यापासून हातभर अंतरावर. हवा गाळून आत जाते हे खरं. पण गाळणी जंतू अडवते, वास अडवत नाही. सहा टाक्यांतला मुळा रोज आठ तास माझी फुलं हुंगत होता. शेजारी कोणीतरी ओरडतंय असं समजून बिचारा आधीच कंबर कसून बसायचा, आणि मग पूड पडली की दुप्पट-तिप्पट जोराने लढायचा. वास विरला की ती तयारीही उतरायची, म्हणून दुसऱ्यांच्या पाळीत पुन्हा चाळीस.

खात्री करायला मी तीन दिवस फुलं नेली नाहीत. प्रोटीन आलं एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. चौथ्या दिवशी प्रभुदेसाई रडवेले होऊन आले. चार इस्पितळांतून फोन आले होते. एका ठिकाणी दोन माणसं होती आणि औषध एकाचं होतं.

“तुम्ही काही वेगळं खाल्लंत का, ताई? आठवून पाहा ना.”

मला सुधाकरचा नववा दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी मी दोनऐवजी चार फुलं खोवली.

फुलं नेली नाहीत तर माणसं मरणार. नेली तर मी इथून हलणार नाही. आणि सांगितलं तर काय होईल, हे मी स्वतःला विचारतच नव्हते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे टोपी घालून उभी. हॉलमध्ये शिरताना मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, मधे क्षणभर आपण दोन्ही बंद दारांत असतो. माझा दिवसभर तो क्षणच चाललाय असं मला वाटायला लागलं. मुळ्याचा मला रागही यायचा आणि दयाही. त्यालाही कुठे पळता येत होतं?

मग मृण्मयीचा फोन आला. माझी एकुलती मुलगी. ती पोरबंदरला असते. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करतो, एकदा गेला की महिना महिना किनाऱ्याला लागत नाही. मृण्मयीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं, मी डिंक-अळीव आणूनही ठेवले होते. पण तिचा रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद करून सक्तीने झोपवून ठेवलं होतं.

“आई, तूच ये ना,” ती म्हणाली. “इथं मला पाणी द्यायलाही कोणी नाही. शेजारच्या बेन येतात, पण त्यांचं मला समजत नाही आणि माझं त्यांना.”

“बघते गं, रजेचं विचारते.”

“दोन वर्षं विचारतेच आहेस. लग्नाला दोन तास आली होतीस, ते पण गाडी दारात उभी करून.” ती हसायला गेली आणि तिचा आवाज फुटला. “तुझ्यापेक्षा तो मुळा बरा, आई. त्याला निदान आठ दिवसांनी टाकीतून बाहेर काढतात. मला भीती वाटतेय गं.”

मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मृण्मयी लहानपणी पडली तरी रडायची नाही. भीती वाटते असं ती पहिल्यांदा म्हणाली होती.

रजा अर्थातच नामंजूर झाली. वरच्या साहेबांनी पोरबंदरला एक नर्स पाठवायची तयारी दाखवली, हात जोडून. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी प्रभुदेसाईंच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. अंबाडा, जाळी, टोपी, चार फुलं.

आधी त्यांना काही कळेना. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटले.

“जाई!” ते टेबलावर हात आपटून म्हणाले. “अहो, आम्ही तो पदार्थ बाटलीतून ओतून पाहिला होता, तुम्ही यायच्याही आधी. एकदम ओतला, पेशी मेल्या, आम्ही नाद सोडला. तुम्ही मात्र कणाकणाने, रोज, हवेतून… सहा वर्षं! वा!”

मग ते भानावर आले. उठले, दार लावून आले.

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.”

“ताई, तुम्ही हे मला सांगितलेलं नाही.”

“म्हणजे?”

“आपल्या परवान्यात फक्त कोळंबीची पूड लिहिलेली आहे. दुसरं काहीही आत गेलं तर तो बदल. औषधात काही खोट नाही, शुद्ध करून तपासूनच ते बाहेर जातं. पण कागदावर सहा वर्षांची प्रत्येक टाकी खोटी ठरेल. चौकशी लागेल. उत्पादन तीन महिने बंद.”

“साठा किती दिवसांचा आहे?”

“राखीव साठा अडीच महिन्यांचा. उत्पादन पूर्ण बंद पडलं तरच तो उघडता येतो.”

“म्हणजे पंधरा दिवस कमी पडतात.”

“पंधरा दिवसांत किती माणसं येतात, माहीत आहे ना?”

मला माहीत नसेल तर कोणाला असेल? त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“एक मार्ग आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “सारिकाला शिकवा. फक्त तिलाच. मग तापाचं कारण लिहून मी तुम्हाला उद्याच सोडतो. आठ दिवस तिच्या पाळीत आकडा वर आला की मी सांगेन, तिच्याही हातात गुण उतरलाय. तुम्ही कायमच्या मोकळ्या.”

आणि खरं सांगते, मला ते पटलं. घरी जाऊन मी पिशवी भरली. अळीव घेतले, डिंक घेतला, सुधाकरच्या जुन्या धोतराची दुपटी शिवून ठेवली होती ती घेतली. पोरबंदरच्या गाडीचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं तिकीट काढलं. सकाळी आठ फुलं तोडली. चार माझी, चार सारिकाची.

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या पुढे गेल्यावर मी सारिकाला थांबवलं आणि रुमाल उघडून सगळं सांगितलं. तिचे डोळे विस्फारले. मग ती खुदकन हसली.

“भारीच की ताई! म्हणजे मी रोज बाहेर काढून ठेवते, ते तुम्ही आत घालून हिंडताय. आणि आता मला पण गाडी येणार? सासूला चक्करच येईल.” तिने फुलं हातात घेतली, वास घेतला आणि अंबाडा सोडला. केसात पिन खोवता खोवता तिने सहज विचारलं, “मग तुम्ही परत आलात की मला सुट्टी ना? दिवाळीला माहेरी जायचंय. आमची पिंकी आजोबांना ओळखतच नाही अजून.”

पिंकी तिची दोन वर्षांची मुलगी. मी परत येणार नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. आणि सारिकाला दिवाळी नव्हती, पुढचीही नाही, त्याच्या पुढचीही नाही. पिंकीच्या लग्नालाही ती दोन तास जाईल, गाडी दारात उभी करून.

“राहू दे,” मी म्हणाले, “काढ ती फुलं.”

“का? काय चुकलं?”

“तुझं काही नाही चुकलं.”

मी माझी चार फुलं अंबाड्यात खोवली, टोपी घातली आणि हॉलमध्ये गेले. मधल्या दारात नेहमीसारखी क्षणभर अडकले.

आमच्याकडे सगळं पडद्यावर असलं तरी टाकीचं रेकॉर्ड अजून कागदी वहीत लिहितात. निळी शाई, छापील आकड्यांची पानं. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटचा रकाना असतो: ‘काही वेगळे घडले काय?’ सहा वर्षांत मी त्यात हजारो वेळा एकच शब्द लिहिला होता: निरंक. हात इतका सरावला होता की आताही पेन तिकडेच वळलं. मी ते थांबवलं.

मनात ती पंधरा दिवसांतली माणसं उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाला सुधाकरचा चेहरा होता. पण ही गोष्ट माझ्या डोक्यातच राहिली तर औषध कायमचं कोणा ना कोणा बाईच्या अंबाड्यावर टांगलेलं राहणार. आज मी, उद्या सारिका, आणि एखाद्या दिवशी ती तापाने घरी पडली की पुन्हा चाळीस. कागदावर आली तर प्रभुदेसाई तीच गोष्ट बाटलीतून, मोजून, राजरोस करतील. साऱ्या देशात करता येईल. आणि हेही कबूल करते की मला माझ्या मुलीकडे जायचं होतं. नुसता उपकार म्हणून मी हे केलं नाही.

मी लिहिलं: ‘ऑपरेटरच्या केसात जाईची चार फुले, टोपीच्या आत. हवा ओढण्याच्या जाळीखाली. सहा वर्षांपासून रोज दोन, श्रावणापासून चार. यापूर्वी नोंद केलेली नाही. उ. सु. खोत.’

सही एकटीची चालत नाही. तपासणाऱ्याची दुसरी सही लागते, आणि त्या पाळीला तपासणारी होती सारिका. मी वही तिच्याकडे सरकवली. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. टोपी आणि मास्कच्या मधून तिचे फक्त डोळे दिसत होते.

“ताई, नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

“माझी पण जाईल?”

“तू खरं लिहिलेलं तपासलंयस. तुझी कशाला जाईल?”

काचेपलीकडे प्रभुदेसाई उभे राहिले होते. आमच्या हातातली वही पाहून त्यांना काहीतरी समजलं असावं, कारण ते काचेवर बोटांनी वाजवायला लागले, आधी हळू, मग जोरात. त्यांना आत यायला कपडे बदलावे लागणार होते, त्याला किमान दहा मिनिटं. सारिकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन उचलून सही केली. खाली वेळही घातली, शिकवल्याप्रमाणे: सकाळी आठ वाजून बावीस मिनिटे.

मी बाहेर आले. टोपी काढली, जाळी काढली. सवयीने हात अंबाड्याकडे गेला आणि पाय मोरीकडे. आरशात बघितलं. फुलं थोडी चेपली होती, पण होती.

सासूबाई काय म्हणतील, ते डोळ्यांपुढे आलं. मांडवातली ती शांतता आठवली. अगदी खरी भीती वाटली. नोकरी जाण्याचीसुद्धा एवढी वाटली नव्हती. मी पिशवी खांद्याला लावली आणि गेटपाशी गेले. तिथे हिंदुराव असतात, फौजेतून आलेले, सहा वर्षं रोज सलाम करणारे. त्यांचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच थांबला. मग इकडेतिकडे बघत, मला संकोच वाटू नये अशा बेताने, ते हळूच म्हणाले,

“ताई, डोक्यात फूल राहिलंय जनू.”

“राहिलं नाही, हिंदुरावभाऊ,” मी म्हणाले. “माळलंय.”